माघातला राब

बायजाची मुलगी केसर वणव्यात गेली तेव्हा आम्ही वाडीत आलो नव्हतो. माझे यजमान शाळामास्तर. चोपन्न सालच्या पावसाळ्यानंतर त्यांची तिथे बदली झाली. मुरुडच्या मागे जो डोंगर आहे, त्याच्या पलीकडच्या उतारावर ही वाडी. घरं गवताने शाकारलेली, वर रान, खाली भाताची खाचरं. पुरुष बहुतेक मुंबईला गिरणीत. वणवा लागला की घरटी एका माणसाने आग झोडपायला हिरव्या फांद्या घेऊन डोंगरावर जायचं, हा वाडीचा नियम. पुरुष नसले की बायका जात आणि मुलं घरात राहत.

केसरही तशीच राहिली होती. छपराने पेट घेतला तेव्हा ती बाहेर पळाली नाही, भाताच्या कणगीच्या मागे जाऊन बसली.

"भ्यालेलं पोर आत लपतं, मास्तरीणबाई," बायजाने मला सांगितलं. ती आमच्या पडवीत तांदूळ पाखडत होती, सूप थांबलं नाही. माझी कोकिळा तेव्हा चार वर्षांची. संध्याकाळी मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरात खूप भीती वाटली तर कुठे जाशील?" तिने खाटेखाली बोट दाखवलं.

भाताची रोपं करायच्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जाळतात, तो राब. सगळी वाडी राब भाजायची चैत्र-वैशाखात, म्हणजे राख पावसापर्यंत टिकते आणि रोपं जोमाने येतात. बायजा एकटी माघात भाजायची. एकदा जळलेली जमीन पुन्हा जळत नाही. वाडीच्या पायथ्याशी असलेला आपला तुकडा वणव्यांच्या आधी काळा करून ठेवायचा आणि आग आली की मुलांनी तिथे येऊन बसायचं, एवढाच तिचा विचार. पण पावसापर्यंत राख वाऱ्याने उडून जाई. रोपं पिवळी पडत, भात पोचट निघे. नवरा कधीच वारला होता. घरात सासू सखुबाई, कंबर मोडून अंथरुणाला खिळलेली.

"साऱ्या वाडीच्या पोरांची आय झालीस," सखुबाई आतून म्हणायची. "माझी सून कधी व्हशील? पेज बग कशी पाण्यावानी."

"गिळाया सोपी, आत्याबाई."

वाडीतले वडीलधारे कोंडाजी तात्या येता-जाता थांबत. "बायजे, यंदा रोपांची आवणी पण माघातच उरकून टाक. पाऊस लाजंनं येईल."

"तो येवो न येवो, तात्या. तुमच्या नातवाला, सदूला बसाया जागा झाली म्हंजे झालं."

राब थंड होत आला की ती राखेत रताळी पुरायची आणि मुलांना हाका मारायची. मुलं धावत येत, काळ्या मातीत बसून खात. घाबरलं की पाय ओळखीच्या जागी जातात, म्हणून ही रताळी.

अठ्ठावन्न साली होळी तोंडावर आली असताना दुपारी माथ्यावर धूर दिसला. यजमान तालुक्याला गेले होते, तेव्हा आमच्या घरचं माणूस मीच. कोकिळाला राबाकडे पाठवून मी फांदी घेऊन बायकांबरोबर वर गेले. बायजा खालीच राहिली. त्यावरूनही शेजारची काशी बोललीच, "हिच्या घरचं माणूस कधी डोंगर चढायचं?"

मग दर्यावरचा वारा उठला आणि माथा ओलांडून खाली सुटला. ओहोळाच्या कडेने आग उतरली. आम्ही वर अडकलो. खालचं काही दिसेना, नुसता धूर.

खाली काय झालं ते मला कोकिळाने सांगितलं. बायजाने मुलांना एकमेकांना चिकटून बसवलं. ती सासूला घोंगडीवर घालून ओढत आणायला निघणार, एवढ्यात कोंडाजींचं छप्पर पेटलं. सदूची शेळी तिथे बांधलेली होती. तो उठून पळाला. त्याच्यामागे आणखी दोघं उठली. बायजाने सदूला केसाला धरून मागे आणला आणि पाय पसरून सगळ्यांच्या पुढ्यात बसली. मग तिचं स्वतःचं घर पेटलं.

"आजी हाका मारत होती," कोकिळा म्हणाली. "बायजाकाकी म्हणाली, पाढे म्हणा. मोठ्याने म्हणा."

आम्ही उतरलो तेव्हा निम्मी वाडी जळून गेली होती. मुलं सगळी होती, काजळीने माखलेली, घसा बसलेली. बायजा तोवर घराच्या राखेपाशी गेली होती.

काशीची दोन्ही मुलं त्या राबात वाचली. तरी महिनाभरात विहिरीवर बोलणं सुरू झालं, आणि काशीही त्यात होती. "पोरं राखली, पण सासूला जाळलीन." बायजा घागर भरायची आणि निघून जायची.

एकदा माझ्याशी बोलली. "उठले असते तर सदू माझ्यामागं उठला असता. त्याच्यामागं सगळी."

"सखुबाई काय म्हणत होत्या?"

"शेवटाला म्हणाली, बस तिथंच." तिने घागर उचलली. "असं मी माझ्या मनाला सांगते. पाढ्यांत काय ऐकू येणार?"

पुढच्या माघात ती पाटी घेऊन तुकड्यावर गेली, तर तिथे पाला आधीच पसरलेला होता. घराघरातून आलेला. त्यावर कोंडाजी शेण टाकत होते. काशी आपली पाटी उपडी करून निघून गेली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर ती पुन्हा तेच बोलली, ते मी ऐकलं.

"पेटव," कोंडाजी म्हणाले. "वारा पडलाय."

राब भाजून थंड झाला. मुलं रताळ्यांना आली आणि ठरल्या जागी बसली. सदूने बसल्या बसल्या सवयीने बे एके बे सुरू केलं.

"ते शाळंत म्हण," बायजा म्हणाली आणि त्याच्या हातात रताळं दिलं.