सनईची फिर्याद

दसरा जवळ आला, कुठून सनईचा सूर कानावर पडला, की ते प्रकरण अजून डोळ्यांपुढे उभं राहतं आणि मी एकटाच हसत बसतो. बायको म्हणते, "आठवली वाटतं फिर्याद!"

तेव्हा मी राहुरीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. खंडेनवमीचा आदला दिवस. शस्त्रपूजनासाठी रायफली पुसणं चाललं होतं. तेवढ्यात मुळा नदीकाठच्या गावातला म्हातारा सनईवाला मुलीच्या खांद्याला धरून आला. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं त्याच्या सनईवर लागलेली, माझ्या मेव्हण्याचंसुद्धा. पायऱ्या चढला आणि बाकावर बसून नुसता धापा टाकत राहिला. दम बसल्यावर म्हणाला, "सायेब, माझी सनई जावयानं चोरली. आत टाका त्याला."

जावई घरातच राहणारा, सासऱ्याबरोबर संबळ वाजवणारा. मुलीचे डोळे भरले होते. "सायेब, हे चोर न्हाईत हो. पन ह्ये काय बोलतच न्हाईत. ह्यांना बेड्या पडल्या तर मी आबांच्या घरात कशी ऱ्हाऊ? आन निघून गेले तर आबांला कोन बघंल?" याला कुठल्याच कायद्यात कलम नाही. मी तक्रारी अर्ज घेतला, ठाणे दैनंदिनीत नोंद केली आणि गावातल्या आमच्या खबऱ्याला कामाला लावलं.

जेवणाच्या सुमारास खबर आली: जावई रोज नदीकडच्या विहिरीवर बसून हळू आवाजात सनई वाजवतो. पंचांना घेऊन गेलो, तर सनई त्याच्याच ट्रंकेत, लाल फडक्यात गुंडाळलेली. माल इतका सहज सापडला की मला आधी शंका येते. चोर माल घरात ठेवून वर रियाज करत बसत नाही.

त्याला ठाण्यात आणून विचारलं. "उचललीस?" "न्हाई." "मग कुणी दिली?" तो सनईकडे बघत राहिला. हवालदार तापले. "साहेब, मुद्देमाल समोर आहे. गुन्हा दाखल करू, आत घेऊ." तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दसऱ्याच्या सकाळपत्तुर थांबा. मंग सांगतो."

"जबाबाला मुहूर्त काढलास काय रे!" मी डाफरलो. पण गडी हलला नाही. चोर माणूस टेबलावरच्या मुद्देमालाकडे बघायचं टाळतो; हा त्या सनईवरून नजर काढत नव्हता. त्याला बाहेर बसवलं.

मग म्हाताऱ्याचा जबाब. सनई कधी गेली? काल. थोड्या वेळाने म्हणे, श्रावणात. कुठून गेली? पेटीतून. मग म्हणे, देवळातून. वाक्य अर्ध्यावर सोडून मुलीला विचारतो, "आपन हितं कशाला आलोय गं?" हवालदार माझ्या कानाशी लागले, "सोंग आहे, साहेब. बेरकी म्हातारा." पण सोंग करून ओठ निळे होत नाहीत. करोनात मिळालेलं बोटाला लावायचं यंत्र कपाटात पडून होतं, ते लावलं. आकडा बघून हवालदारांचाच चेहरा उतरला.

मुलगी म्हणाली, "छातीचा जुना आजार हाय. जलमभर वीटभट्टीचा धूर, वर बिड्या. घरी ऑक्सिजनचं मशीन हाय, पन लावत न्हाईत. म्हनत्यात, नाकात नळी घातलेल्याला लग्नाला कोन बोलवंल?"

जीपमध्ये घालून सरळ ग्रामीण रुग्णालय गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "साहेब, दम लागतो एवढंच लोकांना दिसतं. पण फुप्फुसं थकली की मेंदूलाही प्राणवायू कमी पडतो. लक्ष टिकत नाही, कालचं आठवत नाही. हे खोटं बोलत नाहीत आणि यांना वेडही लागलेलं नाही. ऑक्सिजन मोजून देऊ. काही परत येईल, काही येणारही नाही."

जावयाला मी घरी सोडलं. हवालदारांनी कपाळाला आठ्या घातल्या, घालू दिल्या.

खंडेनवमीच्या सकाळी सनई घेऊन रुग्णालयात गेलो. म्हातारा नळी लावून उशीला टेकला होता, चहात साखर कमी म्हणून नर्सशी भांडत होता. सनई बघताच म्हणाला, "ही तुमच्याकडं कशी? ही तर जावईबापूंना दिलीय मी."

"तुम्ही दिली?"

"मंग! पोळ्याला दिली. माझा दम सपला. आमच्या घरान्यात सनई हवाली करताना तिसरा मानूस नसतो. आन घेनाऱ्यानं दसऱ्याला देवापुढं वाजवेस्तोवर तोंड उघडायचं न्हाई."

फिर्यादीचं सांगितलं, तर कपाळावर हात मारून घेतला. "मी? जावयावर? अरं माझ्या कर्मा!" आणि खोकला येईपर्यंत हसला. जावई दाराशीच होता. त्याला म्हटलं, "अरे शहाण्या, कानात तरी सांगायचंस." तो म्हणाला, "मामांची आन हुती. आन मामा इसरले, असं गावापुढं कोन म्हननार? त्यापरीस मी चोर बरा." लेकीने मात्र नवऱ्याला तिथेच फैलावर घेतलं, हसत आणि रडत.

अर्ज निकाली काढला. जबाब फिरला की माणूस खोटा, असं आम्ही पोलिसांनी पाठ केलेलं असतं. त्या दिवसापासून मी नव्या पोरांना सांगत आलो, म्हातारं माणूस अडखळलं तर दरडावण्याआधी त्याचा श्वास बघा.

दसऱ्याला जावयाने पहाटे देवापुढे सनई वाजवली आणि मग आमच्या शस्त्रपूजनाला आला. डॉक्टरीणबाईंच्या परवानगीने म्हातारा खुर्चीत, नाकात नळी, शेजारी छोटा सिलिंडर. लोकांनी नळी बघितली आणि पायाही पडले. सूर चढला तसा म्हातारा मांडीवर ठेका धरून माझ्याकडे झुकला. "सायेब, कोन वाजवतंय हो? बोटं माझ्या घरान्याची हायेत."

जावयाने सनई खाली घेतली. "मी हाय, मामा."

"तू व्हय? मंग सनई कुनी दिली तुला?"

हवालदारांचा आरतीचा हात तिथेच थांबला.

"तुमीच दिली, मामा."

म्हाताऱ्याने क्षणभर आठवून बघितलं. आठवलं नाही, हे मला दिसलं. मग तोंडभर हसून म्हणाला, "लई ब्येस केलं की मी! वाजीव, थांबू नगं."