निळ्या माइकची रेघ

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचले. कुणाला विहिरीपाशी कोणी दिसलं, कुणाच्या दारावर थाप पडली... वाचायचं आणि हसायचं. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. यंत्र चुकलं तर त्यात बग असतो, एवढीच माझी श्रद्धा. तरी आज लिहितोय, कारण या गोष्टीत माझी एक चूक आहे आणि ती घरातल्या दोघींशिवाय कुणाला ठाऊक नाही.

२००७ साल. चेन्नईत वेलचेरीला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. मी, पत्नी स्मिता, नऊ वर्षांची मुक्ता आणि कराडहून आणलेले माझे वडील – आबा. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता, वाचा गेली होती. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस, पण तोंडातून धड एक शब्द निघत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, "त्यांना आवाज काढत राहू द्या. कसलाही चालेल."

मुक्ताच्या हट्टापायी टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र घेतलं, सोबत कॅराओकेचा गेम. यंत्राला एक छोटी डबी लावायची, डबीत दोन माइक – लाल आणि निळा. इंग्रजी गाणं लागतं, तुम्ही गाता, आणि तुमचा सूर त्या त्या रंगाच्या रेघेने पडद्यावर उमटतो. गंमत म्हणजे गेम शब्द तपासतच नाही. नुसता सूर.

हे आमच्याआधी आबांनी ओळखलं. एका दुपारी त्यांनी डाव्या हाताने निळा माइक उचलला आणि गुणगुणायला लागले. गाण्याचं अक्षर माहीत नाही, पण गुण नातीपेक्षा जास्त!

"अय्यो, आबा चीटिंग करतात! शब्दच म्हणत नाहीत!" मुक्ता ओरडली. आबा खांदे हलवत हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

त्यांची रेघ मी कुठेही ओळखेन. प्रत्येक ओळीला जराशी उशिरा निघायची, आणि शेवटी श्वास संपला की खाली घसरायची.

महिनाभर रोज हेच. मग एका शनिवारी सकाळी घरून माझा क्लायंटशी कॉल चालू होता आणि हॉलमधून ती घूं घूं. पलीकडून एकाने विचारलं, "घरात एखादं जनावर पाळलंय का?" सगळे हसले.

मीही हसलो.

फोन ठेवला, बाहेर आलो आणि आबांच्या हातातून माइक काढून घेतला. "बास झालं, आबा. याला काय गाणं म्हणतात?" सोमवारी तो ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. घरी सांगितलं – बिघडलाय, रिची स्ट्रीटला दुरुस्तीला दिलाय.

मी संध्याकाळी घरात शिरलो की आबा डबीच्या रिकाम्या भोकाकडे बोट दाखवायचे. मी म्हणायचो, "उद्या मिळेल." तीन आठवड्यांनी दुसरा झटका आला. त्यातून ते उठले नाहीत. ते तीन आठवडे घरात त्यांचा आवाज नव्हता.

पुढे दीड महिन्याने, एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास मुक्ताने पुन्हा गेम लावला. लाल माइक घेऊन एकटीच गात होती. मी पेपर वाचत होतो. मध्येच ती मला म्हणाली, "अप्पा... आबांची रेघ."

लाल रेघेखाली निळी रेघ चालली होती. दुसरा माइक जोडलेला नसला तर हा गेम दुसऱ्याची रेघ दाखवतच नाही. मी डबी हातात घेतली, निळ्या भोकात बोट घालून पाहिलं. रिकामं. स्मिता पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मुक्ताने तर गायचं थांबवून लाल माइक बंद केला होता. लाल रेघ तुटली... निळी चालूच. प्रत्येक ओळीला जराशी उशिरा, शेवटी घसरत. गाणं संपलं, निळ्याचे गुण झळकले, आणि पडदा पुन्हा यादीवर आला.

ऑफिसातल्या मित्राने नंतर दोन-तीन कारणं दिली. पण लाल माइकही बंद होता, त्यापुढे एकही टिकलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी ड्रॉवर उघडला. माइक ठेवला तसाच होता. घरी नेला आणि दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. जनावराचंसुद्धा. स्मिता उठून आत गेली. मुक्ताने माइक हातात घेतला.

"तू ऑफिसला गेलास की ते मला पण बोट दाखवून विचारायचे," ती म्हणाली. "मी सांगायचे, अप्पा आणणारेय."

मग तिनेच निळा माइक डबीत खोचला, आबांच्या खुर्चीत ठेवला आणि गाणं लावलं. आता निळी पट्टी पडद्यावर आली, पण रिकामी. शेवटपर्यंत रिकामी. निळा – शून्य.

त्यानंतर कितीतरी रविवार आम्ही तसंच केलं. रेघ पुन्हा कधी उमटली नाही.

माइक नसताना ती कशी उमटली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असलं तर जरूर कळवा. पण मला स्वस्थ बसू देत नाही ते दुसरंच. मी माइक आणून दिल्यावर ती रेघ का थांबली? मागितलेलं मिळालं म्हणून आबा शांत झाले... की मी आणून दिला, म्हणून त्यांनी तो हातात घेतला नाही?