राज्य तिच्यावरच

पोरं निरागस असतात असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

धुळ्यात आमच्या कॉलनीमागच्या मैदानात, उन्हाळ्याच्या सुट्टीत ऊन उतरलं की आम्ही डबा ऐसपैस खेळायचो. ज्याच्यावर राज्य, त्याने लपलेल्याला ओळखून त्याचं नाव घ्यायचं. नाव चुकलं की अंडं फुटलं, राज्य पुन्हा त्याच्यावरच. म्हणून आम्ही बाभळीमागे एकमेकांचे शर्ट घालायचो आणि नुसती बाही दाखवायचो.

शेजारची एक मुलगी दर वेळी फसायची. तिला लांबचं दिसत नाही, हे सगळ्यात आधी मला कळलं. मी ते मोठ्यांना सांगितलं नाही, पोरांना सांगितलं. मग शर्ट बदलायचीही गरज उरली नाही. आम्ही सरळ तोंडं दाखवायचो, ती चुकायची आणि आम्ही लोळून हसायचो. अख्खी सुट्टी ती एकटी धावली.

शाळा सुरू झाल्यावर फळा दिसेना, म्हणून तिला चष्मा लागला. त्याच संध्याकाळी तिने आम्हा सगळ्यांना नावानिशी पकडलं, मला सगळ्यात आधी. दुसऱ्या दिवशी मीच विटीदांडू काढला. चष्म्याला विटी लागेल, असं म्हणून तिला ओट्यावर बसवलं.

तिच्या आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तुलेच तिनी काळजी शे," म्हणाली आणि मूठभर शेंगदाणे दिले.

ते मी त्या पोरीसमोर उभा राहून खाल्ले. तिला एकही दिला नाही.