फायबरला भोकं पाडणारे महाभाग

जालन्याच्या एमआयडीसीत मी फायबरचं वर्कशॉप काढलं ते नव्वदच्या आसपास. असले किस्से मी गोळा केले नाहीत हो, गिऱ्हाईकं घरपोच आणून देतात! वर दोष आमच्या मालाला. अंगाचा नुसता तिळपापड होतो.

फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड, थरावर थर, रेझिननं चिकटवलेलं. भोक पाडलं की धागे तुटतात आणि सगळा ताण भोकाच्या काठावर येतो. ते वेडंवाकडं पाडलं तर तिथूनच थर सुटायला लागतात. इतकं साधं आहे. पण ऐकतो कोण!

*

नवीन जालन्यातल्या एका बियाणेवाल्यांना बी ओतायचं मोठं नरसाळं करून दिलं. त्यांच्या फिटरनं खिळा धरून हातोडीनं भोक ठोकलं! मागच्या बाजूनं भाकरीसारखे पापुद्रे सुटलेले. मी दाखवले, तर म्हणतो, "मागून कोण पाहून राह्यलं, साहेब? समोरून बराबर हाय ना!"

*

केदारखेड्याच्या एका अण्णांनी पाण्याच्या टाकीला तोटी बसवायला चक्क तापलेली सळई घुसवली. काठ जळाला, पाणी थरांत शिरलं आणि टाकी भलतीकडूनच पाझरायला लागली. अण्णा माझ्यावरच उखडले, "भोक तर म्या इथं पाडलं. मंग पाणी तिथून कसं येऊन राह्यलं? काय माल देता राव!"

*

घरचे तरी कुठं शहाणे! आमचा फिटर रशीदभाई. बोल्टखाली मोठा वॉशर टाक, हळू आवळ, हे सांगून माझा घसा कोरडा पडला. पठ्ठ्या 'कर्र' आवाज येईपर्यंत पाना फिरवायचा. ओरडलो की हसून म्हणायचा, "सेठ, आवाज आया तो समझो, बराबर बैठ गया!"

बैठ गया! अरे, थर फाटल्याचा आवाज तो!

*

एका रोलिंग मिलनं गरम पाणी थंड करायच्या कूलिंग टॉवरसाठी आमचा फायबरचा एक पंखा ट्रायलवर घेतला. हा टिकला तर पुढचे सगळे पंखे आमचे. नाही तर एमआयडीसीत तोंड दाखवायची सोय नव्हती. म्हणून पाती क्लॅम्पनं धरली, भोकाची भानगडच नको.

थोड्याच दिवसांत फोन आला, "पातं फाटलं!"

धावत गेलो. पात्याच्या बुडाशी, जिथं सगळा जोर येतो नेमकं तिथं, ड्रिलनं पाडलेलं भोक! तिथून थर पार उसवत गेलेले.

"हे कोणी पाडलं?" माझा आवाज चढला.

"आमीच," ऑपरेटर म्हणाला. "नवा पंखा, नजर लागू न्हाई म्हणून लिंबू-मिरची बांधली व्हती. तुमी बांधायला जागाच ठेवली न्हाई!"

मी मॅनेजरकडे पाहिलं. म्हटलं, हा तरी शिकलेला माणूस आहे. त्यानं फाटलेलं पातं निरखून पाहिलं आणि मान हलवली.

"लिंबू व्हतं म्हणून एका पात्यावर भागलं. नुसता तुमचा माल असता तर आख्खा पंखा गेला असता!"