सोन्याला दारातच अडवणारे वकीलसाहेब

वकीलसाहेब दगड चाटायचे. बाटली उघडून पाणी ओतण्याइतका धीर त्यांना कुठला. जिभेने धूळ पुसायची, भिंग डोळ्याला लावायचं आणि ओल्या जागेतले कण बघत बसायचं. पहिल्या दिवशी हे पाहून मी घरी आईला सांगितलं, "आमचे साहेब जरा तसलेच आहेत." महिन्याभरात मीही चाटायला लागले होते.

वकील ते नव्हतेच. सोनं शोधणाऱ्या एका छोट्या कंपनीत आम्हां भूगर्भवाल्यांचे प्रमुख होते. चिक्कडपल्लीच्या त्यांच्या घराण्यात सगळे वकील, हे एकटे दगडांत गेले. पण घराण्याची खोड काही गेली नाही. रायचूरकडच्या आमच्या माळावर कुठे जरा चमकलं की आम्ही हरखायचो आणि हे उलटतपासणी सुरू करायचे. "हौ, चमकतंय. चमकायला काय लागतं? साबित करा." वर म्हणायचे, "सोनं आपल्याच बाजूने बोलायला लागलं ना, की त्याला दुप्पट सवाल विचारायचे." उत्साहावर पाणी कसं ओतावं ते त्यांच्याकडून शिकावं.

माळावर ड्रिलने उपसलेल्या दगडाच्या लांब कांड्या दिलसुखनगरच्या पुढे आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये यायच्या. प्रत्येक कांडी उभी चिरायची, अर्धी प्रयोगशाळेला पाठवायची, अर्धी पेटीत राखून ठेवायची. आणि शेडच्या दारात बिस्किटांचा एक जुना डबा असायचा. आत पाऊल टाकण्याआधी अंगावरचं सोनं त्यात काढून ठेवायचं, हा वकीलसाहेबांचा कायदा. टनभर दगडात ग्रॅमभर सोनं शोधायचं असतं. तिथे अंगठीचा एक ओरखडासुद्धा खोटी साक्ष देऊन जातो.

माझं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. मंगळसूत्र काढायचं जिवावर आलं, मी दारातच अडून बसले. "सासूबाईंना कळलं तर?" ते शांतपणे म्हणाले, "त्यांना माझं नाव सांगा, मी जवाब देतो. चला, डब्यात." पुढे कंपनीचे मालक आले तेव्हा त्यांच्या गळ्यातली जाडजूड साखळीही त्याच डब्यात पडली. तेव्हा कुठे माझा राग गेला.

त्यांच्या घरी, विद्यानगरला, सगळी सूत्रं त्यांच्या पत्नीच्या, आमच्या काकूंच्या हाती. माळावर निघालो की काकू आमच्यासाठी अंबाडीच्या चटणीची बरणी द्यायच्या, तिला त्या गोंगुराच म्हणायच्या. वकीलसाहेब एकदा जेवताना बोलून गेले, "जन्मभर दुसऱ्यांनी शोधलेल्या खाणी मोजल्या. एक तरी खाण आपण दाखवलेली असावी बघ." काकू लगेच म्हणाल्या, "आणि मग मला एक धड अंगठी करा त्यातली. ही झिजून तार झाली."

ती खाण काही काकूंना दिसली नाही. त्या अचानक गेल्या. तेरावा आटोपून वकीलसाहेब दुसऱ्या दिवशी शेडवर हजर झाले आणि प्रयोगशाळेच्या पिशव्यांत नमुने भरायला बसले. त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि मालकांनी बजावलं होतं, या खेपेच्या ड्रिलिंगमध्ये सोनं लागलं तर ठीक, नाहीतर माळ सोडायचा.

आणि शेवटच्या भोकात सोनं लागलं. प्रयोगशाळेचा कागद हातात घेऊन मी चक्क रडले, मालकांनी मिठाई पाठवली. वकीलसाहेबांनी कागद वाचला, खाली ठेवला आणि म्हणाले, "राखलेली अर्धी कांडी पाठवा."

"साहेब, आज तरी नको."

"आजच."

त्या अर्ध्या कांडीत काहीच निघालं नाही. मी भांडले. सोनं असंच असतं, इथे आहे तर वीतभर पलीकडे नाही, हे तुम्हीच शिकवलंत, मी म्हणाले. ते ऐकत नव्हते, आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. करंगळीत काकूंची ती झिजकी अंगठी होती. तो नमुना त्यांनी स्वतः भरला होता. सगळ्यांचं सोनं उतरवणाऱ्या माणसाच्या हाताकडे आम्ही कोणी कधी पाहिलंच नव्हतं, आणि ती अंगठी त्यांच्या लेखी सोनं नव्हतीच. अंगठीच्या कडेला ताजा ओरखडा होता.

"अंगठीमुळेच झालं असेल कशावरून?" मी म्हणाले.

"नसेलही. पण संशयाचा फायदा माणसाला देतात, सोन्याला नाही."

नळावर साबण लावून त्यांनी अंगठी काढली, डब्यात ठेवली आणि मालकांना फोन लावला. "ती साक्ष खोटी धरा. माझ्याच हातून गेली." बाकीची भोकं कोरडीच होती. माळ सुटला. वकीलसाहेब निवृत्त झाले, खाण न दाखवताच. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

पुढे विद्यानगरला गेले तेव्हा अंगठी परत करंगळीत होती. माझी नजर गेलेली त्यांनी पाहिली. "आता असू दे," म्हणाले, "आता या हाताने कुठला नमुना भरायचा नाही."

गेल्या हिवाळ्यात ते गेले. आता शेड माझ्याकडे आहे, डबाही तिथेच आहे. बातमी आली तेव्हा मी मंगळसूत्र डब्यातून काढून घातलं आणि तशीच निघाले. त्यांना न्यायच्या वेळी कोणी म्हणालं, अंगावरचं सोनं काढून घ्या. त्यांची मुलगी करंगळीपाशी थबकली, माझ्याकडे बघू लागली.

"राहू दे," मी म्हणाले. "त्यांनी एकदा काढली होती. तेवढं पुरे."