वाटसरूचा पंथ

आमच्या नणंदबाई, फापिसा, वादात हरल्या असं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. बाजारात तारोचे कंद विकणारी असो, बसचा ड्रायव्हर असो, नाहीतर खुद्द पाद्री असो. वन्सं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या की समोरच्यानं गुमान माघार घ्यायची. मी लग्न होऊन सवाईई बेटावरच्या ह्या गावात आले, त्या दिवशी माझं नारळ खवणं बघून म्हणाल्या, "लेपेका, खवतेयस की मालिश करतेयस त्याला?" मीही काही कमी नाही. म्हटलं, "वन्सं, तुमच्या जिभेनं खवला तर लवकर होईल." तेव्हापासून आमचं जमलं म्हणा, नाहीतर जुंपलं म्हणा.

ह्या बाईचा जीव मात्र एकाच माणसात अडकलेला, तो म्हणजे माझा नवरा इओपू. आई गेली तेव्हा तो रांगत होता. वन्संनी त्याला काखोटीला मारून वाढवलं, त्याच्यापायी आलेली स्थळं परतवून लावली. आणि आमच्यात भाऊ-बहिणीचं नातं म्हणजे देवासमोरचा करार. बहिणीनं वाट्टेल ते बोलावं, भावानं मान खाली घालून "बरं ताई" म्हणावं. इओपू गावचा वक्ता, सभेत उभा राहिला की बसवावा लागतो. पण ताईपुढे मुका.

आमचा पंथ सातवा दिवस पाळणारा. त्या दिवशी चूल नाही, शेत नाही, धंदा नाही. सातवा दिवस म्हणजे शनिवार, ह्यात कुणाला शंका नव्हती. मग सरकारनं देशाची तारीख पुढे ढकलली. गुरुवारी रात्री झोपलो आणि उठलो तो शनिवार! मधला शुक्रवार गिळूनच टाकला, व्यापारासाठी म्हणे. बाकीच्या पंथांचं काय जातंय? आमच्यात मात्र आग लागली. अर्धे म्हणाले, सूर्य सातदा उगवला की सातवा दिवस. सरकार आता त्याला रविवार म्हणतं तर म्हणू दे, आम्ही तोच पाळणार. उरलेले म्हणाले, अख्खं जग शनिवार पाळतं, आम्ही शनिवार सोडणार नाही. झालं! एका मंडळीच्या दोन मंडळ्या. वन्सं रविवारवाल्या, इओपू शनिवारवाला. मी नवऱ्याबरोबर शनिवारी जायची. खरं सांगू का, मला दोन्हीकडच्या प्रवचनात झोपच यायची.

एका अंगणात दोन घरं आमची. शनिवारी आम्ही पांढरे कपडे घालून निघालो की वन्सं मुद्दाम लाकडं फोडत बसायच्या. रविवारी त्या पांढरी टोपी घालून एकट्या निघायच्या, आणि इओपू दाराआडून त्यांची पाठ बघत राहायचा. एकदा मासे साफ करता करता वन्सं माझ्यापाशी रडल्या. "लेपेका, मी नुसतं 'चल' म्हटलं ना, तर तो उद्या येईल गं. पण नुसती मान डोलावणारा भाऊ घेऊन मी काय करू? त्याला पटायला हवं. आणि पटवू कशी? माझ्याशी तो वादच घालत नाही मेला!"

आमच्या गावाचा फेसबुकवर एक गट आहे. ऑकलंडला गेलेले, सिडनीला गेलेले, गावात उरलेले, सगळे तिथे हौसेनं भांडतात. त्या गटात एक दिवस 'वाटसरू' नावाचा कुणीतरी उगवला. लिहिलं काय, तर, "शनिवारवाले देवाला नाही, कॅलेंडरला भजतात. उद्या छापणाऱ्याची चूक झाली तर हे मंगळवारीही गुडघे टेकतील!"

इओपूला ते फार लागलं. पण तो वक्ता माणूस, रीत सोडणार नाही. त्यानं खाली लिहिलं, "आमच्या सभागृहात प्रत्येकाचा खांब ठरलेला असतो. कुठल्या खांबाला पाठ टेकून माणूस बोलतो, त्यावरून तो कुणाच्या बाजूनं बोलतोय ते कळतं. आपला खांब कुठला? आपण कुठल्या मंडळीतले?"

वाटसरूचं उत्तर आलं, "मी कुठल्याच मंडळीतला नाही. मला शनिवारचं देणं नाही, रविवारचं घेणं नाही. बाहेरून दिसतं ते सांगतो."

मग रोज सुरू झालं. इओपू शास्त्रातलं वचन काढायचा, वाटसरू त्यावर दुसरं काढायचा. माझ्या नवऱ्याला जेवणाची शुद्ध नसायची. मी वैतागून म्हटलं, "ह्या रिकामटेकड्याला काही कामधंदा नाही का?"

"अगं, तेच तर," तो म्हणाला. "आपला पाद्री बोलतो, त्याला आपली माणसं राखायचीत. तिकडचा बोलतो, त्याला वाढवायचीत. ह्याला माझ्याकडून काहीच नकोय. असा माणूस खोटं कशाला बोलेल?"

आणि एका शनिवारी तो चर्चमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "मला पटलंय. मी चुकीचा दिवस पाळत होतो." मी शेजारीच बसले होते. म्हातारा पाद्री त्याचा हात धरून नुसता रडला. ज्या दोस्ताबरोबर तो लहानपणापासून होडी घेऊन जायचा, त्यानं तिथल्या तिथे पाठ फिरवली. आजही तो आमच्या घरासमोरून जाताना दुसरीकडे बघतो.

पण वन्सं! त्या रविवारी भाऊ शेजारी येऊन बसला, तर बाई अशा गायल्या की छपराचे पत्रे थरथरले. जेवताना स्वतः घासही घेतला नाही, त्याच्याकडे बघत बसल्या. मलासुद्धा वाटलं, चला, घर एक झालं. देवानं कुठला का वार असेना, ऐकलं एकदाचं.

इओपूच्या डोक्यात मात्र वाटसरू बसलेला. "एवढा उपकार घेऊन गप्प बसलो तर मी कसला माणूस?" मी विणलेली, बारीक विणीची चटई होती घरात. अशी चटई आमच्यात लग्नाला, मयताला, नाहीतर फार मोठ्या उपकाराला देतात. ती त्यानं बाहेर काढली. माझ्या बोटांची सालं गेली होती ती विणताना, पण मी म्हटलं, दे बाबा. त्यानं वाटसरूला पत्ता मागितला. वाटसरू म्हणाला, नको. त्यानं परत मागितला. वाटसरू गप्प.

पुढच्या रविवारी आम्ही एकत्र जेवत होतो. आदल्या दिवशी भट्टीत भाजलेलं पालुसामी, अळूच्या पानात बांधलेलं नारळाचं दूध, गारच खायचं. इओपू म्हणाला, "ताई, मी ह्या आठवड्यात राजधानीला, आपियाला जाऊन येतो. तिथे कुणाला तरी वाटसरूचा ठावठिकाणा माहीत असेल."

वन्संना हसू आवरेना. "अरे वेड्या, आपियाला कशाला मरायला जातोस? चटई इथेच ठेव. वाटसरू तुझ्यासमोर पालुसामी खातोय!"

मीही हसले. मग नवऱ्याकडे पाहिलं आणि हसायची थांबले.

त्यानं हातातला घास पानावर ठेवला. "ताई, तू?"

"मग काय! तू मला उलट बोलणार नाहीस, मी भांडू कुणाशी? म्हटलं, परका होऊन बघू. आणि बघ, जिंकले की नाही?"

"तू लिहिलंस, तुझी मंडळी कुठलीच नाही. तुला कशाशी देणंघेणं नाही."

"अरे, तेवढं सोड. बाकी दिवसाबद्दल सांगितलं ते खरंच होतं ना? एक शब्द तरी खोटा होता का?"

"मी त्याच एका शब्दावर आलो, ताई. ह्या माणसाला माझ्याकडून काही नकोय, म्हणून आलो. तुला तर मी हवा होतो."

जन्मात पहिल्यांदा तो बहिणीला उलट बोलला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

वन्सं गडबडल्या. "आणि रविवारवाली फापिसा म्हणून लिहिलं असतं, तर ऐकलं असतंस?"

"ऐकलं असतं. सगळं ऐकलं असतं. माझी ताई माझ्यासाठी रडतेय, हे धरून ऐकलं असतं. कदाचित आलोही असतो. तेव्हा माहीत असतं, मी कशासाठी आलो."

त्यानंतर तो कुठेच गेला नाही. शनिवारी पांढरे कपडे घालतो आणि घरात बसतो. रविवारी घालतो आणि घरात बसतो. वन्संनी गटात उघड लिहिलं, "मी फापिसा. मी रविवार पाळते. वाटसरू मीच. मला माझा भाऊ परत हवा होता." ऑकलंडवाल्यांनी हसणारी तोंडं टाकली. शनिवारवाल्यांनी नको नको ते सुनावलं. वन्संनी एकालाही उत्तर दिलं नाही. ज्या बाईनं पाद्र्यालाही सोडलं नाही, ती सगळं नुसती वाचत बसली. मला त्यांचा इतका संताप आला होता की चार दिवस मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं नाही. त्यांचं तसं गप्प बसणं मात्र मला बघवेना.

मग एका सकाळी त्याच आमच्या पायरीशी आल्या. किती म्हाताऱ्या दिसल्या! म्हणाल्या, "इओपू, शनिवारी जा रे. मीच सांगते, जा. तुझी माणसं आहेत ती, घेतील तुला."

इओपूनं त्यांना हाताला धरून बसवलं. "कसा जाऊ, ताई? आता कुणी काही सांगितलं की मनात आधी हेच येतं, ह्याला माझ्याकडून काय हवंय? पाद्री बोलला तरी तेच. लेपेका 'जेव' म्हणाली तरी तेच. काल शास्त्र उघडलं, तर देवाबद्दलही तेच आलं. मग मिटून ठेवलं."

वन्संनी त्याच्या हातातला आपला हात हळूच सोडवून घेतला. मी आत जाऊन लिंबाच्या पानांचा चहा ठेवला. तो उकळून उकळून अर्धा झाला तरी मला बाहेर यायचा धीर होईना.