छातीपासून वीतभर लांब

नागपुरात सोनेगावच्या विमानतळावर अण्णांनी माझ्या बॅगेचा पट्टा शेवटपर्यंत सोडला नाही. रांग सरकत होती, मागचा माणूस घसा खाकरत होता, आणि अण्णा एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होते, "पोचला की फोन कर. तोवर आम्ही काही जेवत नाही बरं." आई मागे उभी राहून मान डोलावत होती. ताई, तू मध्येच म्हणालीस, "अण्णा, अमेरिका आहे ती, अमरावती नाही," तर तुलाच दम मिळाला.

आपल्या घरचा नेमच होता तो. कुणी वर्ध्याला गेलं तरी पोचल्याचा निरोप आल्याशिवाय ताटं मांडली जात नसत. मी निघालो त्या दिवशी डेट्रॉइटला बर्फाचं वादळ होतं. विमान भलत्याच गावी उतरवलं, तिथे बाकड्यावर ताटकळलो, आणि ट्रॉयच्या भाड्याच्या खोलीतून फोन लावला तोवर दीड दिवस जास्तीचा उलटून गेला होता. अण्णांनीच उचलला. "पोचला? बरं. आता जेवतो." बस, एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्या दीड दिवसात दोघं नुसत्या चहावर होते आणि डायबेटिसचे अण्णा चक्कर येऊन मोरीपाशी पडले होते, हे तू मला सहा महिन्यांनी सांगितलंस. मी रडलो, आणि खरं सांगतो, थोडा सुखावलोही. घर म्हणजे जिथे आपल्यासाठी कुणीतरी उपाशी थांबतं, असं मी पुढे कितीतरी वर्षं इथल्या मित्रांना ऐकवत आलो.

ट्रॉयचा बर्फ सपाट होता. पडायचा, साचायचा, फावड्याने ड्राइव्हवेच्या कडेला लोटायचा. कंबर धरायची, पण भीती कधी वाटली नाही. रेवा तिथेच जन्मली. ती दहा वर्षांची असताना माझी नोकरी डेन्व्हरजवळ आली आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. नव्या घराच्या खिडकीतून पांढरे डोंगर दिसायचे. शुभदा म्हणाली, "काय सुंदर ना!" मी म्हणालो, "एवढं सगळं वर कशाच्या आधाराने टिकलंय?" माझ्या बायकोने माझं नाव भागूबाई ठेवलंय ते उगाच नाही.

रेवा शाळेतल्या मुलींबरोबर स्नोबोर्डिंग शिकली. रिसॉर्टच्या आखलेल्या उतारांवर होती तोवर मी तग धरून होतो, कारण हद्दीच्या दोरीच्या आतला डोंगर कुणीतरी सांभाळलेला असतो. धोक्याचा बर्फ तिथली माणसं सकाळीच मुद्दाम पाडून टाकतात. पण कॉलेजात गेल्यावर ही बया दोरीबाहेर जायला लागली. बॅककंट्री म्हणतात त्याला. पाठीला बोर्ड बांधायचा, डोंगर पायी चढायचा आणि कुणाचा पाय न लागलेल्या बर्फावरून खाली यायचं. तो डोंगर कुणाच्या बापाचा नसतो.

"भीती कशाची आहे ते तरी समजून घे, बाबा," असं म्हणत तिने एकदा ओट्यावर ताट ठेवलं. त्यात साखर पसरली, वर कणकेचा थर दाबून बसवला आणि ताट हळूहळू तिरकं केलं. काही झालं नाही. आणखी तिरकं केलं. काही नाही. मग तिने वरून बोटाने जरासं टोचलं, आणि कणकेची अख्खी लादी एकदम सरकून ओट्यावर आली. "सी? वरून काहीच कळत नाही. वीक लेअर खाली असतो." ती ओटा पुसून कॉलेजला गेली. मी दोन दिवस चहात साखर घातली नाही.

तेव्हापासून रोज सकाळी उठल्याबरोबर मी हिमस्खलनाचं बुलेटिन वाचतो. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. चार असेल तर शहाणे लोक घरी बसतात, म्हणून तीनच सगळ्यात फसवी, असं रेवाच सांगते आणि तीनच्या दिवशी निघतेही. सोबत काय काय घेतलंय ते मात्र मला दाखवते. फावडं असतं, बर्फात खुपसून बघायची घडीची लांब काठी असते, आणि छातीवर पट्ट्याने बांधलेला बीकन. हा बीकन सारखा बारीक सिग्नल पाठवत राहतो. कुणी गाडलं गेलं तर बाकीच्यांनी आपापले बीकन शोधण्यावर टाकायचे आणि त्या सिग्नलच्या मागे जायचं. वेळ मिनिटांचा असतो. तेवढ्यात बाहेरून कुणी येऊ शकत नाही, जे काय करायचं ते सोबतच्यांनीच.

हे ऐकून मी काय केलं असेल? अण्णांचा मुलगा ना मी. म्हणालो, वर पोचलीस की फोन, खाली आलीस की फोन. तोवर मी जेवणार नाही.

एका रविवारी फोन आला नाही. बारा वाजले, एक वाजला. मी अकरा वेळा लावला, अकराही वेळा तिचा रेकॉर्ड केलेला हसरा आवाज. दीड वाजता मी नाइन वन वनला फोन करून माझी मुलगी बर्फाखाली गेलीय असं सांगून मोकळा झालो. बचाव पथकाची माणसं घरून निघालीसुद्धा, सगळी स्वयंसेवक, कुणी जेवणावरून उठलेली. तीन वाजता रेवा चिप्स खात गाडीपाशी आली तेव्हा ती माणसं तिथे उभी होती. फोन बॅगेच्या तळाशी होता, रिंग ऐकूच आली नव्हती. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "बाबा, आय वॉज सो एम्बॅरस्ड." मीही शरमलो, पण अट घट्ट केली. फोन चालू ठेवायचा आणि छातीच्या खिशातच ठेवायचा, थरथरला तर कळेल असा. तिने दोन हिवाळे ती अट पाळली.

या जानेवारीत ती मला शोधकामाच्या एका दिवसाच्या वर्गाला ओढून घेऊन गेली. शिकवणारी साठीची बाई, चेहरा उन्हाने रापलेला. तिने एका पिशवीत बीकन घालून ती बर्फात पुरली आणि घड्याळ लावलं. माझी पाळी आली. माझ्या बीकनवर अंतराचा आकडा आला चाळीस मीटर, मग अठ्ठावीस. मी धावलो. मग एकदम बावन्न. बाण डावीकडे वळला, मागे वळला, पुन्हा डावीकडे. मांडीपर्यंत बर्फात रुतत मी गोल गोल फिरत होतो. "बाबा, तू पार्किंगकडे चाललायस!" रेवा ओरडली. सराव आहे, पिशवी आहे, हे मला माहीत होतं. तरी खाली रेवाच आहे असं वाटत राहिलं. आणि माझ्या छातीवर काहीतरी थरथरत होतं.

फोन होता. आईचा. डोंगरावर जातोय असं मी तिला सांगितलं होतं. नागपुरात साडेनऊ वाजून गेले होते आणि आई जेवायची थांबली होती.

त्या बाईने घड्याळ थांबवलं. वेळ कधीच टळून गेली होती. तिने माझ्या खिशातून फोन काढून घेतला आणि शांतपणे सांगितलं, फोनच्या गोंगाटात बीकनला दुसऱ्या बीकनचा आवाज ऐकू येत नाही. शोधताना तो निदान वीस इंच लांब हवा. नुसता सिग्नल पाठवतानाही आठ इंच. सगळ्यात चांगलं म्हणजे बंद. मी मनात आपलं माप लावलं: शोधताना हातभर, एरवी वीतभर. मग मी रेवाच्या जॅकेटकडे बघितलं. छातीचा खिसा आणि त्याखालचा बीकन यांच्यात चार बोटंसुद्धा अंतर नव्हतं.

"तुला हे माहीत होतं?" गाडीत बसल्यावर मी विचारलं.

ती काच पुसायला लागली. "फर्स्ट क्लासमध्येच शिकवतात, बाबा."

"मग?"

"तू जेवत नाहीस ना."

ताई, आयुष्यात मी पुष्कळ वेळा घाबरलोय. पण त्या गाडीत बसलो होतो तसा कधीच घाबरलो नाही. दोन हिवाळे माझी पोर माझ्या एका जेवणापायी छातीवर तो धोका घेऊन डोंगर चढत होती, आणि मी घरी उपाशी बसून स्वतःला मोठा मायाळू बाप समजत होतो. मला मोरीपाशी पडलेले अण्णा आठवले. त्यांची माया खोटी नव्हती, पण त्या वादळात मी पोचायच्या घाईने काही वेडं धाडस केलं असतं, तर ते उपाशी थांबलेत म्हणूनच केलं असतं.

आईला मी परवा म्हणालो, "माझ्या फोनची वाट बघू नकोस, वेळेवर जेवत जा," तर ती दुखावली, असं तू लिहिलंस. तो तुटकपणा नव्हता गं. हे सगळं तिला वाचून दाखव.

गेल्या शनिवारी रेवा पुन्हा गेली. बुलेटिनमध्ये तीन होतं. दारात बूट घालताना तिने माझ्यासमोर फोन बंद केला आणि बॅगेत टाकला. दाराची कडी धरून उभा राहिलो, मग तीही सोडली.

एक वाजता शुभदाने पानं घेतली. वरणभात, भेंडीची भाजी. पहिला घास तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना. खिडकीतून डोंगर दिसत होते आणि त्यांतल्या कुठल्यावर ती आहे ते मला माहीत नव्हतं. शुभदा म्हणाली, "उठायचं नाही." दुसरा घास पाण्याबरोबर गिळला. मग घासावर घास रचत गेलो. अर्धा तास लागला, पण पान स्वच्छ केलं. रेवाचं ताट वाढून झाकून ठेवलं. आता मला विचारशील तर माझं घर ते झाकलेलं ताट आहे.

साडेचारला फोन वाजला.

"बाबा, खाली आले. पार माथ्यापर्यंत गेलोच नाही. चढताना पायाखालून धप्प आवाज आला, अख्खा उतार बसल्यासारखा. आम्ही लगेच टर्न अराउंड केलं." मग घाईघाईने म्हणाली, "सॉरी, उशीर झाला. तू थांबलायस ना?"

"नाही," मी म्हणालो. "मी जेवलो."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.